कै. दादासाहेब फाळके आणि परदेशी यंत्रांचा जमाखर्च

आपल्या वार्षिक स्मरणिकेत एका कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही कै. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे चरित्र योजिले आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव घरोघरी ठाऊक आहे आणि त्यांच्या नावाचे पारितोषिकही सर्वश्रुत आहे. ती कीर्ती पुन्हा गाण्यासाठी ही लेखणी आम्ही उचललेली नाही. दादासाहेबांचा मूळ पिंड कारागिराचा आणि कारखानदाराचा होता. आपल्या चित्रनिर्मितीच्या जागेसही ते कारखानाच म्हणत. त्यांनी आयुष्यात यंत्रांसाठी तीन वेळा समुद्र ओलांडला. त्या यंत्रांचे खरे मोल काय पडले आणि ते कोणी चुकते केले, हा या चरित्रातील विशेष मननीय भाग आहे. आपल्या सभासद-कुटुंबांतील कित्येक तरुण छापखाने व लहानमोठे कारखाने चालवितात. परदेशी यंत्राचे दरपत्रक पुढ्यात ठेवून घरातील वडीलमंडळींशी वाद घालण्याचा प्रसंग त्यांतील अनेकांवर येतच असेल. अशांच्या घरी हा वृत्तांत वाचला जावा, अशी आमची इच्छा आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. त्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाल्यामुळे कुटुंब मुंबईस आले. घरची परंपरा पोथीची, परंतु मुलाची ओढ रंग, कुंचला आणि हत्यारे यांकडे. १८८५ साली ते सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्यास कलाभवनात गेले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली चाललेली ही संस्था त्या काळी हिंदुस्थानात अपूर्व होती. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिलाछाप हे सारे तेथे हाताने शिकविले जाई. दादासाहेब तेथे चित्रकार होण्यास गेले आणि यंत्रांचे जाणकार होऊन बाहेर पडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढील काही वर्षे कष्टाची गेली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, तोच प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य यांचा वियोग झाला. पुढे त्यांचा दुसरा विवाह करंदीकर घराण्यातील कन्येशी झाला. याच सरस्वतीबाई. या लेखात त्यांचे नाव वारंवार येईल आणि ते यावयासच हवे. १९०३ मध्ये दादासाहेबांना पुराणवस्तुसंशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. परंतु बंगालच्या फाळणीनंतर देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा ही पोटापुरती निश्चिंत नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आणला.

यंत्रांच्या खरेदीचा पहिला प्रसंग येथे आला. तिरंगी छपाईत एकाच चित्राचे पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे करून ते एकावर एक छापावे लागतात. कागद केसभर सरकला तरी देवाच्या मूर्तीचा मुकुट एकीकडे आणि कपाळ दुसरीकडे अशी दशा होते. इतक्या अचूकपणे चालणारी यंत्रे त्या काळी आपल्याकडे तयार होत नव्हती आणि जर्मनी या कलेचे माहेरघर मानले जाई. १९०९ मध्ये दादासाहेब स्वतः जर्मनीस गेले, यंत्रांची पारख केली, ती चालविण्याची कला आत्मसात केली आणि यंत्रे खरेदी केली. छापखान्याचे काम सुंदर होऊ लागले. मात्र यंत्रांसाठी लागलेले भांडवल भागीदाराचे होते. पुढे कारभाराच्या रीतीवरून उभयतांत मतभेद झाले आणि दादासाहेब बाहेर पडले, ते रिकाम्या हातांनी. यंत्रे जेथल्या तेथे राहिली. ज्याने ती निवडली, चालविली, ज्याच्या डोळ्यांनी रंग जुळविले, त्याच्या वाट्यास केवळ ज्ञान आले. आमच्या मते त्यांच्या जीवनाची पुढील दिशा याच प्रसंगाने ठरली. यापुढे यंत्र आणावयाचे तर ते स्वतःच्या जोखमीवर, असा त्यांचा बाणा झालेला दिसतो. हा बाणा मानी पुरुषास शोभणारा होता, परंतु घरास तो किती महाग पडला ते पुढे दिसेल.

१९११ च्या ईस्टरमध्ये गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही हकिकत त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकातील लेखांत स्वतःच नमूद केली आहे. त्यानंतरचे वर्ष एखाद्या तपस्व्यासारखे गेले. दिवसभर प्रयोग, रात्री चित्रपट, झोप नाममात्र. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण दृष्टी येताच पुन्हा तोच ध्यास. आता पुस्तके वाचून भागण्यासारखे नव्हते. यंत्रे हवी होती आणि ती विलायतेतच मिळत होती.

पैसा कोठून आणावयाचा? दादासाहेबांपाशी वतन नव्हते, पेढी नव्हती, नोकरीही नव्हती. होत्या त्या सुमारे १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी. त्या गहाण ठेवून त्यांनी १०,००० रुपये उभे केले. या व्यवहाराचा अर्थ वाचकांनी, विशेषतः गृहिणींनी, क्षणभर थांबून ध्यानी घ्यावा. विम्याची पॉलिसी ही कर्त्या पुरुषाच्या मागे बायकामुलांच्या मुखात घास पडावा म्हणून असते. नुकतेच डोळ्यांचे दुखणे काढलेला ४१ वर्षांचा गृहस्थ, पदरी लहान मुले, आणि घरातील हा एकमेव आधार सावकाराच्या पेटीत. आप्तेष्टांनी वेड्यात काढले असल्यास त्यांना आम्ही दोष देणार नाही. सरस्वतीबाई मात्र पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. एका कर्त्या स्त्रीने हिशेब समजून घेऊन पत्करलेली ती जोखीम होती, असे त्यांचा पुढील व्यवहार पाहता आम्हांस वाटते.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी दादासाहेब लंडनकरिता बोटीवर चढले आणि १ एप्रिलला परत आले. या दोन महिन्यांपैकी प्रत्यक्ष लंडनमध्ये ते सुमारे दोन आठवडे होते. उरलेले सारे दिवस समुद्राने घेतले. लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांची त्यांनी कोणाच्या ओळखीवाचून गाठ घेतली. त्या गृहस्थांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला, कारण इंग्लंडातही त्यात हात पोळलेले लोक पुष्कळ होते. पाहुण्याचा निर्धार ढळत नाही असे दिसल्यावर त्यांनीच पुढाकार घेऊन वॉल्टन येथील चित्रनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला कारखाना मोकळ्या मनाने दाखविला. परक्या मुलखातून आलेल्या, उद्या कदाचित प्रतिस्पर्धी होईल अशा माणसास आपली विद्या दाखविणे हे उदार मनाचे लक्षण होय.

तेथे दादासाहेबांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. त्या काळी पौंडास १५ रुपये पडत, म्हणजे कॅमेऱ्याची किंमत ७५० रुपये झाली. सर्वसाधारण आयात मालावर शेकडा ५ जकात होती. म्हणजे जकातीचा बोजाही फार नव्हे. मग १०,००० रुपयांचे कर्ज कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकास पडेल. याचे उत्तर असे की, कॅमेरा हे एकटे यंत्र काहीच कामाचे नव्हते. कॅमेऱ्यामागून फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, फिल्म धुण्याची व तिच्या प्रती छापण्याची साधने आणि कोडक कंपनीची कच्ची फिल्म हे सारे ओघानेच आले. त्याखेरीज जाण्यायेण्याचे भाडे, लंडनमधील मुक्काम, दोन महिने कमाई बंद असता घरचा चरितार्थ आणि या साऱ्यावर कर्जाचे व्याज. शिवाय कच्ची फिल्म ही एकदा घेऊन संपणारी वस्तू नव्हती. यंत्र जितके चालेल तितकी ती खाई, आणि तिचा प्रत्येक फूट परदेशातून आणावा लागे. घोडा विकत घेणे निराळे आणि त्याचा दाणावैरण चालविणे निराळे, ही म्हण नसली तरी अनुभवाची गोष्ट आहे. दादासाहेबांच्या घोड्याची वैरण तर सातासमुद्रापलीकडे उगवत होती.

मे महिन्यात पेट्या मुंबईस पोहोचल्या. सोबत आलेल्या आकृत्यांवरून दादासाहेबांनी अवघ्या काही दिवसांत सर्व यंत्रे स्वतः जोडली. विलायती मिस्त्री आणण्याची ऐपत नव्हती आणि गरजही पडली नाही. कलाभवनातील शिक्षण आणि छापखान्यातील वर्षे येथे फळास आली. दादरच्या घरातच काळोखी खोली तयार झाली, स्वयंपाकघराशेजारी रसायने आली आणि घरातील माणसे हीच कारखान्यातील कामगार झाली.

फिल्मला भोके पाडण्याच्या कामाविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहो. त्या काळी कच्ची फिल्म साध्या पट्टीच्या रूपात येई. कॅमेऱ्याच्या दात्यांत ती अडकावी म्हणून दोन्ही कडांना समान अंतरावर भोके पाडावी लागत. एका फुटात चित्रे १६, प्रत्येक चित्रास एका कडेस भोके ४, म्हणजे फुटामागे एका बाजूस ६४ आणि दोन्ही मिळून १२८. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. आमच्या वाचकांनी गुणाकार करून पाहावा. एकट्या मूळ पट्टीवर भोके पावणेपाच लाखांच्या आसपास भरतात. प्रत छापावयाची तर त्या पट्टीवर पुन्हा तितकीच, आणि चित्रण करताना वाया गेलेली फिल्म निराळी. यंत्राच्या एका दाबात कितीही भोके पडोत, एकही चुकून चालत नसे. चुकले तर चित्र पडद्यावर थरथरे आणि फिल्मचे पैसे मातीमोल होत. हे सारे काम अंधारात करावयाचे, कारण कच्च्या फिल्मला उजेड सोसत नाही.

हे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा त्या घर सांभाळून चित्रपटातील साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकाचे पाहत. रात्री मुले निजल्यावर त्या काळोख्या खोलीत फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, फिल्म धूत. यंत्राबरोबर आलेल्या बिलात या मजुरीचा आकडा कोठेही लिहिलेला नव्हता. तो लिहावयाचा झाल्यास कॅमेऱ्याच्या ७५० रुपयांपुढे किती मोठा भरेल, याचा अंदाज आम्ही वाचकांवर सोपवितो.

यंत्रे जुळली, तथापि चित्रपट काढण्यास लागणारा पैसा अद्याप उभा राहिलेला नव्हता. यंत्र खरेदी करण्यातच हाती असलेले भांडवल संपते आणि मग यंत्र चालविण्यास पैसा उरत नाही, ही अडचण कारखानदारीत नित्याची आहे. दादासाहेबांनी त्यावर काढलेली युक्ती त्यांच्या कल्पकतेस साजेशी होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्यांनी कॅमेरा त्यासमोर रोखून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. दाणा फुटतो, अंकुर येतो, वेल चढते, हे सारे मिनिट-दीड मिनिटात पडद्यावर दिसू लागले. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या स्नेह्यांनी हे दृश्य पाहिले आणि यंत्र व यंत्रचालक या दोहोंवर त्यांचा विश्वास बसला. कर्ज मिळाले. तारण म्हणून मात्र या वेळी सरस्वतीबाईंच्या अंगावरील दागिने गेले. आधी पतीच्या विम्याची पॉलिसी, नंतर पत्नीचे स्त्रीधन, हा क्रम आपल्या समाजातील कित्येक लहान कारखान्यांच्या पायाभरणीत आजही आढळतो. त्याची वाच्यता सहसा होत नाही, इतकेच.

'राजा हरिश्चंद्र'ची हकिकत बहुश्रुत आहे. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने ती केली, आणि रोहिदासाचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कॉरोनेशन सिनेमात तो लोकांपुढे आला. खेळ चालला, पैसे आले, कर्ज फिटण्याच्या मार्गास लागले.

येथे एक शंका निघू शकते. स्वदेशीच्या निष्ठेने सरकारी नोकरी सोडणारा हा पुरुष जर्मनीची छपाईयंत्रे आणि इंग्लंडचा कॅमेरा आणतो, यात विसंगती नाही काय? आम्हांस तशी ती वाटत नाही. तयार चित्रपट परदेशातून येत राहिले असते तर प्रत्येक खेळाचा पैसा कायमचा बाहेर गेला असता. यंत्र आणल्यामुळे नटांची, रंगाऱ्यांची, सुतारांची, शिंप्यांची मजुरी येथेच राहिली. परंतु हेही खरे की, यंत्र आणि कच्चा माल परक्याच्या हाती असेपर्यंत ही स्वदेशी अर्धीच होती. याचा दाहक अनुभव दादासाहेबांना लौकरच येणार होता.

'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे पुढील चित्रपट त्यांनी नाशिकास जाऊन काढले आणि तेही लोकांस आवडले. गावोगावच्या चित्रपटगृहांकडून प्रतींची मागणी येऊ लागली. हाताने फिरविण्याच्या यंत्रांवर एवढ्या प्रती निघणे शक्य नव्हते. विजेवर चालणारी नवी यंत्रे आणावी, कारखाना मोठा करावा, या विचाराने १९१४ मध्ये दादासाहेब आपले तिन्ही चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे खेळ झाले, जाणकारांनी प्रशंसा केली आणि हेपवर्थ यांनी तर त्यांस इंग्लंडातच राहून चित्रपट काढण्याविषयी सुचविले. वेतन भरघोस होते, यंत्रे आयती मिळणार होती आणि कर्जाची चिंता उरणार नव्हती. दादासाहेबांनी ते नाकारले. चित्रपटांचा धंदा हिंदुस्थानातच रुजवावयाचा, हा त्यांचा संकल्प होता.

इतक्यात ४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंड महायुद्धात उतरले. समुद्रमार्ग धोक्यात आले आणि मालाच्या किमती चढू लागल्या. इकडे मुंबईत ज्यांच्या भांडवलावर नवी यंत्रे यावयाची होती त्यांनी हात आखडते घेतले. दादासाहेब मनात योजिलेल्या कारखान्यावाचून परतले. येथे आल्यावर पाहतात तो नोकरमाणसांचे पगार थकलेले, काम बंद पडलेले. १९१२ मध्ये घरची पॉलिसी गहाण टाकून आणलेली जुनी यंत्रेच काय ती आपली म्हणावयास उरली होती. त्या यंत्रांवर आणि महाग, दुर्मिळ झालेल्या फिल्मवर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १९१७ चा 'लंकादहन' हा त्या चिकाटीचे फळ होय. या चित्रपटाने उदंड यश मिळविले.

याच सुमारास कोल्हापुरात निराळ्या मार्गाने प्रयत्न चालला होता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता आपल्याच कामशाळेत कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, परंतु बाबूरावांनी शिष्यांच्या साह्याने तो पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आणला. कॅमेरा घरचा झाला तरी फिल्म परदेशीच राहिली, हे येथे सांगितले पाहिजे. दादासाहेबांनी हा मार्ग का धरला नाही, असे विचारणे योग्य नव्हे. त्यांनी प्रथम यंत्र आणून दाखविले, म्हणूनच ते करता येईल असे इतरांस वाटू लागले.

१९१८ मध्ये पाच भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली, पण अधिकाराची सुरू झाली. जर्मन यंत्रांच्या वेळी घडले तेच निराळ्या वेषात पुन्हा घडले. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले, पुन्हा परत आले. त्या वादांचा तपशील आता उकरण्यात हशील नाही. १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या रंगाचारियर समितीने कच्च्या फिल्मवरील आयातजकात काढून टाकावी अशी शिफारस केली, यावरून हा प्रश्न एका घराचा राहिला नव्हता हे दिसते. भारतात कच्ची फिल्म तयार करण्यासाठी उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना झाली ती १९६० साली, म्हणजे दादासाहेबांच्या पहिल्या पेट्या मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यानंतर ४८ वर्षांनी. तोही कारखाना पुढे बंद पडला.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाची सारी यंत्रे एका रात्रीत जुनी ठरली. आवाज मुद्रित करण्याची नवी यंत्रे पुन्हा परदेशी आणि पूर्वीपेक्षा कितीतरी महाग. दादासाहेबांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. पुढे कोल्हापूरच्या एका कंपनीसाठी त्यांनी १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट केला. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते आणि यंत्रे दुसऱ्याची होती.

यानंतर ते नाशिकात राहत. चित्रपट काढण्याची इच्छा अखेरपर्यंत होती. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी फिल्मची आवक घटली होती आणि सरकारच्या परवान्यावाचून चित्रपट काढता येत नसे. दादासाहेबांनी परवान्यासाठी अर्ज केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकाराचे पत्र आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी रोजी, त्यांचे नाशिक येथे देहावसान झाले.